मेनचा खटका तुमच्या हाताला पुरतो का?

होळी झाली की आमच्या हट्ट्यात माळ्यावरचे कूलर खाली उतरतात. वाळा बदलायचा, टाकी घासायची, पंपातला कचरा काढायचा ही कामं बाईचीच. वसमत-परभणीकडचा उन्हाळा म्हणजे पारा चाळिशीच्या वर, तेव्हा दिवसातून दोन-तीनदा त्या टाकीत पाणी ओतायचं तेही तिनंच. पण त्याच कूलरची वायर जळाली की फर्मान निघतं, "तू नको मधे पडू, ते बायकांचं काम नाही." मग गल्लीतलं एखादं पोरगं येतं, दातानं वायर सोलतं, टेप गुंडाळतं आणि पन्नास रुपये घेऊन जातं. कूलर सुरू होतो. सगळे खूश.

माझं भांडण आहे ते इथंच. ओल्या हातानं, ओल्या फरशीवर उभं राहून विजेच्या वस्तूंशी दिवसभर संबंध येतो बाईचा, आणि विजेबद्दलचे सगळे निर्णय मात्र तिला न विचारता होतात.

त्या कूलरचंच घ्या. त्याला मुळात तीन तारांची केबल असते. दोन तारांवर तो चालतो, आणि तिसरी हिरवी तार असते अर्थिंगची. पत्र्याच्या अंगात करंट उतरला तर तो जमिनीत जावा, म्हणून ती. जुनी केबल गेली की बरेच जण दोन तारांची स्वस्त केबल आणि दोन पिनांचा प्लग लावून देतात. कूलर तर चालतो, म्हणून आपल्याला वाटतं, झाला दुरुस्त. उद्या पंपाची वायर खराब होऊन पत्र्यात करंट आला, तर त्याला जायला वाट उरलेली नसते. पाणी ओतणाऱ्या बाईचं अंग हीच मग त्याची वाट. तेव्हा दुरुस्ती झाल्यावर कूलर चालतो की नाही एवढंच पाहू नका, तिसरी तार जोडली का, हे त्या माणसाला विचारा. आणि पाणी भरताना नुसतं बटन बंद करून भागत नाही, प्लग काढायचा.

आता तिसरी पिन आहे, पण भिंतीमागं अर्थिंगच नाही, अशीही घरं आपल्याकडं कमी नाहीत. नवीन बांधकामात फरशी कुठली घ्यायची यावर महिनाभर खल होतो, पीओपीला हजारो रुपये जातात. अर्थिंगचा खड्डा म्हटलं की, "करू नंतर." कुणी कुणी तर न्यूट्रलचीच तार तिसऱ्या पिनला जोडून 'अर्थिंग दिली' म्हणतात. ते फार घातक. न्यूट्रल कुठं तुटली तर उपकरणाच्या साऱ्या अंगात करंट येतो. खरं अर्थिंग म्हणजे जमिनीत पुरलेला पाइप किंवा पत्रा, भोवती कोळसा आणि मीठ. आपली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, पाइपापासून सुटते, मग अर्थिंग असूनही नसल्यासारखं होतं. त्या खड्ड्यात अधूनमधून बादलीभर पाणी टाकलंच पाहिजे.

आमच्या शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "आमच्याकडं एमसीबी आहे, आम्हाला काय भीती?" हा गैरसमज फार पसरलाय. एमसीबी वायर जळू देत नाही, घराला आग लागू देत नाही. माणसाला धक्का बसला तर ती बहुतेक वेळा पडतच नाही. साठ वॅटचा जुना पिवळा बल्ब जेवढा करंट घेतो, त्याच्या आठव्या-नवव्या हिश्शाच्या करंटनंही माणसाच्या जिवाला धोका होतो, आणि एवढासा करंट एमसीबीच्या खिजगणतीतही नसतो. त्यासाठी वेगळं यंत्र असतं, आरसीसीबी. ३० मिलिअँपिअरची मागायची. गळती झाली की ती क्षणात लाईट तोडते. तिच्यावर तपासणीचं छोटं बटन असतं, ते महिन्यातून एकदा दाबून पाहायचं. पैठणीपेक्षा नक्कीच स्वस्त पडते! आणि जिथं अजून किटकॅट फ्यूज आहेत, तिथं जाड तांब्याची तार घालून "आता उडत नाही" म्हणणाऱ्याला घरात घेऊच नये. फ्यूज उडण्यासाठीच असतो.

मीटरपर्यंतची जबाबदारी महावितरणची. (२००५ मध्ये मंडळ जाऊन महावितरण आली, तरी आपल्या तोंडी एमएसईबीच.) खांबावर ठिणग्या उडत असतील, सर्व्हिस वायर लोंबत असेल तर १९१२ ला फोन करा, स्वतः काठीनं ढकलू नका. मीटरच्या पुढचं सगळं मात्र आपलं. त्यासाठी आयटीआयमधून वीजतंत्री किंवा तारतंत्री झालेला, सरकारी परवाना असलेला माणूस बोलवा, आणि परवाना आहे का, हे तोंडावर विचारा. त्यात लाजायचं काय?

कपडे वाळत घालायची लोखंडी तार, हा तर आपल्या पत्र्याच्या घरांतला चोर. सर्व्हिस वायर पत्र्याला घासते, वरचं आवरण जातं, पत्र्यात करंट येतो, तिथून कपड्यांच्या तारेत. वर पिळलेलं ओलं लुगडं. पेपरात दर पावसाळ्यात अशा बातम्या असतात, आणि एकाला वाचवायला गेलेला दुसराही त्यात जातो. नायलॉनची दोरी बांधा, आजच बांधा. कुणी चिकटलं तर आधी मेन बंद. ते जमलं नाही तर कोरड्या लाकडी काठीनं बाजूला करायचं, हातानं ओढायचं नाही. श्वास थांबला असेल तर छातीच्या मध्यावर जोरजोरात दाबत राहायचं आणि कुणाला तरी १०८ ला फोन करायला सांगायचं.

आधी मेन बंद म्हटलं खरं. पण किती घरांत मेनचा खटका बाईच्या हाताला येतो? आमच्या गल्लीत पाच-सहा घरी मुद्दाम पाहिलं. कुठं दाराच्या वर, कुठं कपाटामागं, एका घरी तर धान्याच्या कोठीवर चढल्याशिवाय हात पुरत नाही. इन्व्हर्टर असलेल्या घरांत आणखी एक घोळ. मेन बंद केला तरी इन्व्हर्टरवरच्या बोर्डात करंट असतोच, त्याचा खटका वेगळा. तो कोणता, हे दोन घरच्या बायकांना माहीतच नव्हतं. पुढच्या वेळी वायरमन आला की त्याला चहा देऊन आत जाऊ नका. समोर उभ्या राहा, कोणता खटका कशाचा ते विचारा, प्रत्येकावर पांढरी पट्टी चिकटवून मराठीत नाव लिहून घ्या. आणि मेनचा खटका खाली, तुमच्या हाताला पुरेल असा बसवायला त्याचे किती होतील, तेही तेव्हाच ठरवा.