इतिहास नसलेला वाचक कोणाच्या सोयीचा?

"ॲनिमे म्हणजे करमणूक. त्यात समाजव्यवस्था कशाला शोधता?" असे विचारणाऱ्यांचा मला फारसा राग येत नाही. त्यांनी विचार केलेला नसतो, एवढेच. राग येतो तो विचार करूनही हेच बोलणाऱ्यांचा. हे लोक रोलाँ बार्थ आणि हिरोकी आझुमा यांची नावे घेतात. लेखक मेला, अर्थ म्हणजे केवळ खेळ, चाहत्याने खेळावे आणि आनंद घ्यावा, असे सांगतात. मीही ॲनिमेचा चाहता आहे आणि साहित्यसिद्धांताची मलाही आवड आहे. म्हणून हे भांडण घरातले आहे.

आझुमा यांनी २००१ मध्ये ओताकूंवर, म्हणजे ॲनिमे-मांगाच्या कट्टर चाहत्यांवर पुस्तक लिहिले. त्यांचे म्हणणे असे की, हा नवा चाहता मोठी कथा शोधत नाही. मांजरीचे कान, ठरावीक केशरचना, ठरावीक स्वभाव असे सुटे घटक तो एका साठ्यातून उचलतो आणि उपभोगतो. हे चाहत्याचे वर्णन होते. आपल्या पंडितांनी त्याचा परवाना करून टाकला!

बार्थचे तसेच. लेखकाची मक्तेदारी मोडून त्याने वाचकाला मोकळे केले, हे उपकार मान्य. पण त्याचा हा वाचक कसा आहे? त्याला इतिहास नाही, चरित्र नाही, मानसिकता नाही. असा वाचक जगात कुठे राहतो? ज्याला आपली जात, आपली वस्ती, आपला आजार कधी कोणाला सांगावा लागला नाही, त्यालाच आपल्याला इतिहास नाही असे वाटू शकते. बाकीच्यांना इतिहास घेऊनच पडद्यासमोर बसावे लागते.

एक उदाहरण घेऊ. हायाओ मियाझाकी यांचा 'प्रिन्सेस मोनोनोके' (१९९७). बहुतेक चाहते सांगतात, हा पर्यावरणाचा चित्रपट आहे: एकीकडे जंगल, दुसरीकडे लोखंड. या मांडणीत जंगलाची बाजू घेणे अगदी सोपे. पण लोखंडाच्या त्या वस्तीत राहते कोण? कुंटणखान्यातून सोडवून आणलेल्या स्त्रिया तिथे भाता चालवतात. मागच्या बाजूला, अंगभर पट्ट्या गुंडाळलेले कुष्ठरुग्ण बंदुका घडवतात. एबोशीने आपल्याला माणूस म्हणून वागवले, आपले सडलेले अंग स्वतः धुतले, असे त्यांतला अंथरुणाला खिळलेला म्हातारा सांगतो. जंगल जिंकले तर ही माणसे जाणार कुठे? पर्यावरणप्रेमी रसिकाला हा प्रश्नच पडत नाही.

हे रुग्ण कुठल्या साठ्यातून उचललेले सुटे घटक नाहीत. जपानमध्ये कुष्ठरुग्णांना सक्तीने वेगळे ठेवणारा कायदा १९९६ मध्ये रद्द झाला. पुढच्याच वर्षी हा चित्रपट आला. मियाझाकी तोक्योमधल्या तामा झेन्शोएन या कुष्ठरोग वसाहतीत गेले होते, हे त्यांनी स्वतः जाहीरपणे सांगितले आहे. २००१ मध्ये कुमामोतो जिल्हा न्यायालयाने ते विलगीकरण घटनाबाह्य ठरवले. अर्थ हा नुसता खेळच असेल तर त्या पट्ट्यांखालच्या माणसांचे काय?

इतिहासासह वाचणे म्हणजे कलाकृतीची आरती ओवाळणे नव्हे. तसे वाचले की मियाझाकींनाही प्रश्न विचारता येतो. त्या रुग्णांना नावे का नाहीत? त्यांचे मोठेपण एबोशीच्या उपकारातूनच का दिसावे? त्यांच्या वाट्याला शस्त्रे घडवण्याचेच काम का यावे? हे प्रश्न खऱ्या चाहत्याचे आहेत. भक्ताला ते सुचत नाहीत आणि खेळगड्याला त्यांची गरज नसते.

"हे तुम्ही बाहेरून लादता," असा आक्षेप येईल. मग सानपेई शिराटो यांचा कामुई आठवा. १९६४ पासून 'गारो' मासिकात आलेल्या त्या मांगाचा नायक बहिष्कृत वस्तीत जन्मलेला आहे. १९६९ मध्ये कामुईची ॲनिमे मालिकाही आली. म्हणजे जन्मावरून ठरणाऱ्या उच्चनीचतेचा प्रश्न जपानी चित्रकथेत आम्ही नेलेला नाही. तो तिथे होताच. तुम्ही पाहिला नाहीत.

मराठी वाचकाला हा वाद नवा नाही. दलित साहित्यालाही "यात कला कुठे आहे?" असेच विचारले गेले. शरणकुमार लिंबाळे यांना १९९६ मध्ये दलित साहित्याच्या सौंदर्यशास्त्रावर स्वतंत्र पुस्तक लिहावे लागले, ते उगीच नाही. सौंदर्याचे निकष ठरवणाराही कुठेतरी जन्मलेला असतो, एवढी साधी गोष्ट तेव्हा सांगावी लागली. आज ॲनिमेच्या रसिकांनाही तीच सांगावी लागते.

सिद्धांत जरूर वाचा. बार्थ वाचा, आझुमा वाचा. पण मोनोनोके पुन्हा पाहाल तेव्हा जंगलाच्या देवाइतकेच त्या मागच्या अंगणाकडेही लक्ष द्या. लेखक मेला असेल तर मरू द्या. पट्ट्या बांधलेली ती माणसे मात्र जिवंत आहेत.