'मी काय केलंय दमायला?'

वेदना मोजता येत नाही, आणि मोजता येते ती वेदना नव्हे, हे मत आपल्या साहित्यवर्तुळात फार आदराने उच्चारले जाते. कर्करोगाच्या रुग्णांकडून भरून घेतल्या जाणाऱ्या प्रश्नावल्यांची टिंगल त्याच बळावर होते. मला हे मत आळशी वाटते. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगमध्ये ईथन बाश आणि सहकाऱ्यांनी प्रगत कर्करोगाच्या ७६६ रुग्णांवर केलेल्या अभ्यासाचा निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाला. केमोथेरपीच्या काळात आपली लक्षणे संगणकावर स्वतः नोंदवणाऱ्यांचे मध्यक आयुर्मान ३१.२ महिने, इतरांचे २६. लक्षण बळावले की परिचारिकेला लगेच सूचना जात असे, फरक एवढाच. पाच महिन्यांचे आयुष्य देणाऱ्या कागदाला हसणे आपल्याला शोभत नाही.

टीका करायचीच तर त्या कागदाच्या मराठीवर करावी. ते काम आपले आहे, आणि आपण ते केलेले नाही.

१९९३ साली प्रसिद्ध झालेल्या ईओआरटीसीच्या क्यूएलक्यू-सी३० या युरोपीय प्रश्नावलीत ३० प्रश्न आहेत, त्यांतले तीन थकव्याचे. तिचे मराठी रूप उपलब्ध आहे. अशा अनुवादांची रीत काटेकोर असते: मराठीत आणायचे, दुसऱ्याकडून पुन्हा इंग्रजीत न्यायचे, ताडून पाहायचे, मग काही रुग्णांना विचारायचे. परंतु उलट अनुवादात दमणे, शीण, मरगळ, गळून जाणे हे सारे एकाच इंग्रजी शब्दाकडे परततात. इंग्रजी सुखरूप परतले एवढेच त्यातून सिद्ध होते.

टिटवाळ्याच्या माझ्या मावशीवर मुंबईतील एका रुग्णालयात उपचार चालू होते. तिथल्या फॉर्मवर प्रश्न होता, दमायला होते का. मावशी म्हणाली, "मी काय केलंय दमायला? सगळं सूनच करते." खूण 'अजिबात नाही'वर. त्या आठवड्यात ती पलंगापासून मोरीपर्यंत जाताना वाटेत एकदा भिंतीला टेकून बसत होती.

ती खोटे बोलत नव्हती. मराठीत दमायला आधी कष्ट केलेले असावे लागतात; गळून जायला काही करावे लागत नाही. कर्करोगातला थकवा नेमका हा दुसरा: श्रमाशी प्रमाण नसलेला, विश्रांतीनेही न जाणारा. शिवाय आयुष्यभर राबलेल्या बाईला, बसून असताना दमले म्हणण्याची लाजच वाटते. (लोकलने दादर गाठून आल्यावर खूण केली असती, तर ती आजाराची की प्रवासाची, हा आणखी निराळा घोळ.) ही प्रमाण मराठीची गोष्ट झाली. टिटवाळ्याच्या आसपासच्या आगरी किंवा कातकरी बाईपुढे हाच कागद ठेवला तर काय होईल?

आपले विभाग बोलींची सर्वेक्षणे करतात, अर्थविज्ञानाचे पेपर काढतात. एम.ए.च्या एका विद्यार्थ्याने सहा महिने केमोच्या प्रतीक्षागृहात बसून, माणसे कोणत्या शब्दांनी तक्रार करतात एवढे जरी टिपले, तरी तो प्रबंध डॉक्टरांना लागेल. किती प्रबंधांविषयी आपण असे म्हणू शकतो?

पुढच्या खेपेला मी मावशीला फॉर्म बाजूला ठेवून विचारले, अंगात कसं वाटतंय. "त्राणच नाही गं," ती म्हणाली. तेच शब्द मी डॉक्टरांना सांगितले. त्यांनी रक्त तपासायला पाठवले. हिमोग्लोबिन ७.४ निघाले.