गाडीची किंमत बघितली, पेट्रोलचं काय?

२२ सप्टेंबर २०२५ पासून गाड्यांवरचा जीएसटी कमी झाला. ३५० सीसीपर्यंतच्या मोटारसायकलींवर आणि लहान कारवर २८ टक्क्यांऐवजी १८ टक्के कर लागू झाला. लहान पेट्रोल कारवर जो वेगळा सेस होता तोही गेला. शोरूमसमोर गर्दी झाली आणि घराघरात चर्चा सुरू झाली. "अब्बा, आता तरी कार घेऊया. किती दिवस चौघं मोटारसायकलवर फिरणार?"

प्रश्न चुकीचा नाही. पण शोरूमवाला किंमत सांगतो आणि बँकवाला हप्ता सांगतो. पुढच्या पाच-दहा वर्षांचा पेट्रोलचा खर्च कुणी सांगत नाही. तो हिशोब आपल्यालाच घरी बसून करावा लागतो.

जीएसटी कमी झाला, पेट्रोल जीएसटीत नाही

आधी एक गोष्ट समजून घेऊ. कर कमी झाला तो गाडीवर. पेट्रोल-डिझेल जीएसटीच्या बाहेरच आहे. त्याच्यावर केंद्राची एक्साइज आणि राज्याचा व्हॅट लागतो.

मे २०१४ मध्ये पेट्रोलवर केंद्राची एक्साइज लिटरला ९.४८ रुपये होती. मे २०२०, म्हणजे लॉकडाऊनच्या काळात, ती ३२.९८ रुपयांवर गेली. नंतर नोव्हेंबर २०२१ आणि मे २०२२ मध्ये दोनदा कपात होऊन ती १९.९० वर आली आणि एप्रिल २०२५ मध्ये दोन रुपये वाढून २१.९० झाली. ही शेवटची वाढ पंपावर दिसली नाही, कारण कच्चं तेल तेव्हा स्वस्त झालं होतं. म्हणजे जी स्वस्ताई ग्राहकाला मिळायची, ती सरकारी तिजोरीत गेली.

महाराष्ट्रात पेट्रोलवर २५ टक्के व्हॅट आणि वर लिटरला ५.१२ रुपये असा राज्याचा कर आहे. जुलै २०२४ पासून मुंबई, ठाणे, नवी मुंबईचा जादा एक टक्का काढून तो सगळीकडे सारखा केला. मुंबईत त्यानंतर पेट्रोल साडेएकशेतीनच्या आसपास राहिलं. परभणीसारख्या डेपोपासून लांबच्या जिल्ह्यात त्याहून महाग, कारण टँकरचं भाडं त्यात धरलं जातं. १०४ रुपयांचं एक लिटर धरलं तर २०२५ मध्ये त्यात केंद्र आणि राज्य मिळून जवळपास ४७ रुपये कर होता.

लोक म्हणतात, तेल महाग म्हणून पेट्रोल महाग. हेही तपासून बघू. मे २०१४ मध्ये कच्चं तेल पिंपाला १०६ डॉलरच्या आसपास होतं आणि डॉलर साधारण ५९ रुपयांना. एका पिंपात १५९ लिटर, म्हणजे कच्चं तेल लिटरला साधारण ४० रुपये पडत होतं. २०२५ च्या उत्तरार्धात कच्चं तेल ६५ डॉलरच्या आसपास आणि डॉलर ८८ रुपयांच्या आसपास होता. म्हणजे लिटरला साधारण ३६ रुपये. रुपया घसरला हे खरं, तरी रुपयांत मोजलं तर कच्चं तेल महाग झालेलं नव्हतं. दिल्लीत मात्र पेट्रोल ७१-७२ वरून ९४ च्या पुढे गेलं. वाढीतला मोठा वाटा एक्साइजचा, बाकी राज्याचा कर, कंपन्यांचा खर्च-नफा आणि पंपचालकाचं कमिशन.

हा कर नेमका कोण भरतो?

पेट्रोल महाग झालं की कारवाल्यांनाच फटका बसतो असं आपण समजतो. पेट्रोलियम मंत्रालयासाठी झालेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत वेगळं चित्र होतं. पंपावर विकल्या जाणाऱ्या पेट्रोलपैकी सुमारे ६१ टक्के दुचाकींमध्ये जात होतं, कारमध्ये सुमारे ३४ टक्के. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातल्या जवळपास निम्म्या कुटुंबांकडे दुचाकी होती, कार मात्र १०० पैकी आठ घरांकडेही नव्हती.

म्हणजे पेट्रोलच्या कराचा मोठा भार भाजीवाला, कारागीर, डिलिव्हरी करणारा मुलगा, शाळेतला शिक्षक आणि दुकानातला नोकर उचलतो. इन्कम टॅक्स कमाई बघून लागतो. पेट्रोलचा कर कमाई बघत नाही. वीस हजार कमावणाऱ्याला आणि वीस लाख कमावणाऱ्याला लिटरमागे कर तेवढाच. "आम्ही कुठे टॅक्स भरतो" असं म्हणणाऱ्या आपल्या भावांनी हे लक्षात ठेवावं. आपण रोज भरतो, पंपावर उभं राहून भरतो.

आता घरचा हिशोब

समजा एक भाऊ कामासाठी रोज जाऊन-येऊन ३० किलोमीटर करतो. महिन्याचे २६ दिवस, म्हणजे ७८० किलोमीटर. मोटारसायकल लिटरला ५० देते. पेट्रोल लागेल साडेपंधरा लिटरच्या आसपास, खर्च साधारण १,६२० रुपये. २०२५ च्या कराने त्यातले सव्वासातशेच्या वर रुपये करातच गेले.

तेच अंतर कारने. शहराच्या ट्रॅफिकमध्ये कार १६ देते असं धरू. पावणेएकोणपन्नास लिटर, खर्च ५,०७० रुपये. फरक महिन्याला साधारण ३,४५० आणि वर्षाला ४१ हजार.

आता जीएसटीचा फायदा याच्या शेजारी ठेवा. सहा लाखांच्या लहान पेट्रोल कारवर कर कमी झाल्याने साधारण ५० हजार वाचले. रोज एकट्याने ऑफिसला कार नेली, तर हे ५० हजार सव्वा वर्षाच्या आत पेट्रोलच्या फरकात जिरतात.

पेट्रोल सोडून इतर खर्चही आहेत. सक्तीचा थर्ड पार्टी विमा ७५ ते १५० सीसीच्या दुचाकीला वर्षाला ७१४ रुपये, १००० ते १५०० सीसीच्या कारला ३,४१६ रुपये, वर जीएसटी. शिवाय कारचा पूर्ण विमा, सर्व्हिसिंग, टायर आणि पार्किंग. सगळ्यात मोठा खर्च खिशातून जाताना दिसत नाही, तो म्हणजे गाडीची उतरणारी किंमत. रस्त्यावर येईपर्यंत आठ लाखांना पडलेली कार पाच वर्षांनी चार लाखांना गेली, तर महिन्याला साडेसहा हजारांवर रुपये नुसते उभ्या उभ्या कमी झाले. एक लाखाची मोटारसायकल पाच वर्षांनी ४५ हजारांना गेली तर महिन्याला नऊशेच्या आसपास.

कर्ज काढलं तर? सहा लाख, नऊ टक्के, पाच वर्षं. हप्ता साधारण १२,४५५ आणि एकूण व्याज १ लाख ४७ हजार. आपल्यातले बरेच लोक व्याजापासून दूर राहायला बघतात, पण शोरूममध्ये "फक्त एवढाच हप्ता" ऐकलं की मन डळमळतं. दीन बाजूला ठेवून नुसता व्यवहार बघितला तरी रोज किंमत उतरणाऱ्या वस्तूसाठी व्याज भरणं हा तोट्याचाच सौदा आहे.

मग मोटारसायकलच बरी?

पैशाच्या हिशोबात हो. जिवाच्या हिशोबात थांबून विचार करावा लागेल. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसं गेली. त्यातले ४४ टक्क्यांहून जास्त दुचाकीवरचे होते. कायद्याने दुचाकीवर चालवणारा आणि मागे एक, एवढीच परवानगी आहे. जास्त बसवले तर एक हजार दंड आणि तीन महिने लायसन्स निलंबित होऊ शकतं. तरी ईदच्या दिवशी रस्त्यावर बघा. पुढे टाकीवर मुलगा, मागे बायको, मांडीवर बाळ आणि हेल्मेट एकालाही नाही.

स्कूटरवर असंच अख्खं कुटुंब बघून रतन टाटांना एक लाखाच्या कारची कल्पना सुचली होती. २००८ मध्ये नॅनो समोर आली, २०१८ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. कार गेली, पण चौघांचं कुटुंब अजून दुचाकीवरच आहे. म्हणून घरातला मुलगा किंवा सून "कार हवी" म्हणते तेव्हा तो दरवेळी शौक नसतो.

यावर उपाय काय? रोजच्या कामाला मोटारसायकल किंवा परवडली तर इलेक्ट्रिक स्कूटर. तीनेक युनिट विजेत ती ८०-१०० किलोमीटर जाते, म्हणजे किलोमीटरला ३०-४० पैसे. मोटारसायकलला पेट्रोलच दोन रुपयांवर पडतं. फक्त बॅटरीची वॉरंटी आणि घरी चार्जिंगची सोय आधी बघावी. कुटुंबाच्या प्रवासाला एसटी. साध्या गाडीला १०० किलोमीटरचं पूर्ण तिकीट साधारण १७० रुपये. महिलांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, ७५ वर्षांपुढच्यांना फुकट. नवरा-बायको आणि अर्ध्या तिकिटाची दोन मुलं जाऊन-येऊन साडेआठशेत बसतात. स्वतःच्या कारला तेवढ्याच प्रवासाला पेट्रोलच साडेअकराशे, टोल वेगळा.

महिन्यातून दोनदा कार लागत असेल तर भाड्याने घ्या. किलोमीटरला १४ रुपये धरले तरी २०० किलोमीटरच्या दोन फेऱ्या ५,६०० रुपयांत होतात. स्वतःची कार दारात उभी ठेवली तरी घट, विमा, सर्व्हिसिंग मिळून महिन्याला त्याहून जास्त जातात.

कार कुणी घ्यावी? घरात आजारी आई-वडील आहेत, दवाखान्याच्या फेऱ्या आहेत, किंवा धंद्यासाठी रोज तीन-चार माणसं सोबत जातात, त्यांनी जरूर घ्यावी. चार माणसं बसली तर माणशी किलोमीटरला १.६३ रुपये पेट्रोल पडतं, एकट्या मोटारसायकलस्वारापेक्षा कमी. सीएनजी पंप जवळ असेल तर खर्च आणखी उतरतो. महाग पडते ती एकट्याने फिरवलेली कार.

एक गोष्ट घरातली

लग्नात मुलाला गाडी द्यायची पद्धत आपल्यात वाढली आहे. आधी मोटारसायकल होती, आता कार मागतात. मुलीचा बाप कर्ज काढून किंवा दागिने मोडून ती देतो. आणि मुलाची कमाई पंधरा-अठरा हजार असेल तर कार घरासमोर कव्हर घालून उभी राहते, कारण पेट्रोल परवडत नाही. एका घराला कर्ज आणि दुसऱ्या घराला खर्च, यात कुणाचं भलं झालं? हा सरळ सरळ इसराफ आहे, आणि मागणाऱ्याने मागणं बंद केल्याशिवाय तो थांबणार नाही.

पेट्रोलचा दर आपल्या हातात नाही. पेट्रोल जीएसटीत आणा, एसटीच्या फेऱ्या वाढवा, ही मागणी आपल्या आमदार-खासदाराकडे करणं आपल्या हातात आहे. आणि गाडी घेण्याआधी बायको-मुलांना बसवून एका कागदावर महिन्याचा खर्च लिहिणं, हेही आपल्याच हातात आहे. तो आकडा घराच्या कमाईत बसत असेल तर बिस्मिल्लाह करा. बसत नसेल तर शेजाऱ्याच्या दारातली कार बघून निर्णय घेऊ नका.