पर्वरीचे नियम पर्वरीतच बदला : गोमंतकीय मतदारांना जाहीर आवाहन



परवा आमच्या वाड्यावरच्या बैठकीत पहिल्यांदाच मतदार होणारा एक मुलगा उठून म्हणाला, "मत देऊन काय करू? निवडून आलेला त्याच पक्षात राहील, अशी हमी देता?" समोर आम्ही सगळे पन्नाशीच्या पुढचे. एकालाही उत्तर सुचले नाही. हे आवाहन त्याच रात्री लिहायला घेतले.

१० जुलै २०१९ रोजी काँग्रेसच्या १५ पैकी १० आमदारांनी भाजपची वाट धरली. म्हणून जानेवारी २०२२ मध्ये त्या पक्षाच्या उमेदवारांनी पणजीच्या महालक्ष्मीपुढे, बांबोळीच्या खुरसापुढे आणि बेतीच्या दर्ग्यात निष्ठेची शपथ घेतली. त्याच वर्षी १४ सप्टेंबरला निवडून आलेल्या ११ पैकी ८ जण भाजपमध्ये गेले! देवाच्या दारातला शब्द आठ महिनेसुद्धा टिकला नाही. आम्ही कुठल्याच पक्षाचे नाही. उद्या वारा उलटा फिरला तरी आमची मागणी हीच राहील.

दुखणे सभागृहाच्या लहान आकारात आहे. पक्षांतरबंदीतून सुटायला लागणारी दोन-तृतीयांश आमदारांची अट मोठ्या राज्यात डोंगराएवढी. इथे आठ-दहा माणसे एका दिवाणखान्यात बसली की ती पुरी होते. मंत्रिमंडळाला आमदारसंख्येच्या १५ टक्क्यांची मर्यादा आहे, पण लहान राज्यांना १२ मंत्र्यांची मुभा. बहुमताला २१ लागतात. त्यांतले १२ मंत्री, एक सभापती, एक उपसभापती आणि उरलेल्यांचे डोळे महामंडळांवर. मग सरकारला जाब विचारणार कोण?

पक्ष बदलणाऱ्यांच्या अपात्रतेचा निवाडा सभापतींकडे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये मणिपूरच्या प्रकरणात सांगितले की असा निर्णय साधारण तीन महिन्यांत व्हावा. आपल्याकडे २०१९ च्या फुटीवरचा निर्णय आला २० एप्रिल २०२१ रोजी. तोवर निम्म्याहून अधिक कार्यकाळ उलटून गेला होता.

'घटनादुरुस्तीशिवाय काही होणार नाही' हे ऐकून कान किटले. घटनेच्या कलम २०८ प्रमाणे कामकाजाचे नियम पर्वरीचे विधानसभा सभागृहच करते. पक्षांतरबंदीच्या दहाव्या परिशिष्टाखालचे नियम सभापती करतात. दिल्लीला जायची गरजच नाही. 'गोवा लहान, सगळे एकमेकांचे' म्हणणाऱ्यांना एवढेच सांगतो, एकमेकांचे आहेत म्हणूनच नियम कडक हवेत.

आमच्या मागण्या : अपात्रतेच्या अर्जावर ९० दिवसांत निर्णय, आणि ती मुदत नियमांत लेखी. निवडून येताच सभापतींनी पक्षाचा राजीनामा द्यावा. दहावे परिशिष्ट त्याला आडकाठी करत नाही. विधेयक मांडले त्याच अधिवेशनात घाईने मंजूर नको. ते समितीकडे जावे, लोकांच्या सूचना मागवाव्यात. बैठकांचे किमान दिवस वर्षारंभीच जाहीर व्हावेत.

आता तुमचे काम. येत्या रविवारच्या ग्रामसभेत या मागण्यांचा ठराव मांडा. पंच टाळाटाळ करतील. इतिवृत्तात नोंद झाल्याशिवाय उठू नका. १९१ पंचायतींतून ठराव गेले तर कोणता आमदार तोंड फिरवील? आपापल्या आमदाराला लेखी विचारा, नियम समितीत हे मांडणार की नाही. उत्तर मिळो न मिळो, प्रत आमच्याकडे पाठवा. भर पावसात पेडण्यापासून काणकोणपर्यंत आमची पोरे सह्यांच्या वह्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून फिरली आहेत, आणि तुम्ही तिठ्यावर उभे राहून नुसते राजकारण्यांना शिव्या देता! ग्रामसभेची वेळ आजच पंचायतीच्या फलकावर पाहून घ्या, आणि येताना शेजारच्या दोन घरांना सोबत आणा.