माळ्यावरच्या वह्या

दिवाळीच्या साफसफाईत आमच्या घरी दरवर्षी एक वाद ठरलेला असतो. माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली येते, तिच्यातून सात जाड वह्या निघतात आणि सौभाग्यवती विचारतात, "यांचं काय करायचं?" मी म्हणतो, "राहू दे." पेटी पुन्हा माळ्यावर जाते.

वह्यांतले अक्षर माझे आहे. मजकूर माझा नाही. एम्. ए.च्या वर्गाला आमच्या सरांनी जे जे सांगितले, ते मी उतरून घेतले होते. सरांनी जन्मात एक ओळ छापली नाही. ते गेले, त्यालाही आता बरीच वर्षे झाली. यंदा श्रावणात एक मुलगी घरी आली. "सर, त्या वह्यांची झेरॉक्स मिळेल का?" काहीतरी सबब सांगून मी तिला वाटेला लावले. खोटे कशाला बोलू? मनात आले होते, की हे मला मिळाले आहे; हिला कसे द्यायचे?

पुढे यहुदी गूढवादावरचे एक पुस्तक वाचताना असाच एक वहीवाला भेटला. अर्थात माझ्याहून फार मोठा.

या गूढविद्येला 'कब्बाला' म्हणतात. शब्दाचा अर्थच 'मिळालेले', 'स्वीकारलेले' असा आहे. ही विद्या गुरूच्या तोंडून शिष्याच्या कानात जायची, आणि तीही जपून. यहेज्केल संदेष्ट्याला दिसलेल्या दिव्य रथाचे रहस्य एका शिष्यालासुद्धा सांगू नये; तो शहाणा आणि आपल्या आपण उमजून घेणारा असेल तरच सांगावे, असा मिश्ना या प्राचीन ग्रंथाचा दंडक आहे. म्हणजे ज्याला सांगण्याची फारशी गरज नाही त्यालाच सांगायचे! आम्हां शिक्षकांना ही अट फारच सोयीची वाटेल.

गालीलच्या डोंगरात साफेद नावाचे गाव आहे. १४९२ साली स्पेनमधून हाकलले गेलेले यहुदी विद्वान पुढे तेथे येऊन राहिले. १५७०च्या सुमारास ईजिप्तमधून आयझॅक लुरिया तेथे आले. वय छत्तीस. लोक त्यांना 'आरी', म्हणजे सिंह, म्हणत. माणसाच्या कपाळावर अक्षरे उमटतात आणि त्यांवरून त्याच्या आत्म्याचे मूळ कळते, अशी त्यांची ख्याती होती. जसा शिष्य, तसा उपदेश. एकाला सांगितलेला उपाय दुसऱ्याला चालत नसे. लिहीत मात्र ते जवळजवळ नसतच. कोणी कारण विचारले तेव्हा म्हणाले, की सगळेच एकमेकांत गुंतलेले आहे. तोंड उघडले की समुद्राचा बांध फुटल्यासारखे होते, मग ग्रंथात काय मांडू?

हाइम व्हिताल हा त्यांचा पट्टशिष्य, वयाने आठ-नऊ वर्षांनी लहान. हा गडी अडीच वर्षे किमयेच्या नादी लागून अभ्यास विसरला होता, हे त्यानेच लिहून ठेवले आहे. सुरुवातीला शिकलेले काही त्याच्या डोक्यात राहीना. तेव्हा गुरूंनी त्याला होडीत घालून गालीलच्या समुद्रावर नेले, एके ठिकाणी भांडे बुडवून पाणी पाजले आणि सांगितले, हे मिर्यामच्या विहिरीचे पाणी. आता लक्षात राहील. मिर्याम ही मोशेची बहीण, आणि तिची विहीर रानावनांत इस्राएल लोकांबरोबर चालत असे, अशी श्रद्धा. मी ईजिप्तहून आलो तो केवळ तुझ्यासाठी, असेही गुरूंनी आपल्याला सांगितल्याचे व्हिताल लिहितो. असे ऐकल्यावर कोणता शिष्य शहाणा राहील?

लुरियांना शिष्यांचे एकमेकांवर प्रेम हवे होते. प्रार्थनेपूर्वी शेजाऱ्यावर प्रेम करण्याची आज्ञा मनात धरावी, असा त्यांचा नियम होता. कथा अशी, की त्यांनी सगळ्या शिष्यांची बिऱ्हाडे एकाच वाड्यात आणली. एका शुक्रवारी बायकांचे भांडण जुंपले, ते नवऱ्यांपर्यंत गेले, आणि संध्याकाळी गुरू खिन्न होऊन परतले : तुमची एकी होती तोवर संकट आत येऊ शकत नव्हते, आता आले. (भांडणाचा आरंभ बायकांवर ढकलण्याची हौस सर्व देशांतल्या कथाकारांना सारखीच.) १५७२च्या जुलैत साथ आली आणि लुरिया अडतिसाव्या वर्षी गेले. अखेरच्या वेळी व्हिताल जवळ नव्हता. 'हाइम कुठे गेला? अशा वेळी मला सोडून गेला?' असे गुरूंनी विचारले, हे त्याला दुसऱ्या शिष्याकडून कळले.

गुरूचा सहवास दोन वर्षांचाही नाही, आणि पुढे १६२०पर्यंत व्हिताल जगला. अठ्ठेचाळीस वर्षे त्याने ते शब्द लिहिले, पुन्हा मांडले आणि कुलपात ठेवले. १५७५ साली बारा जणांनी करारावर सह्या केल्या : लुरियांची विद्या व्हितालकडूनच शिकू, त्याला सांगायचे नसेल ते सांगण्याचा आग्रह धरणार नाही, आणि परवानगीवाचून बाहेर बोलणार नाही. जोसेफ इब्न तबुलसारखे दुसरे शिष्य आपापल्या परीने शिकवीत होतेच. म्हणजे मक्तेदारी फक्त कागदावर. मग १५८७च्या सुमारास व्हिताल आजारी पडला. कोणा धनिकाने त्याच्या भावाला पन्नास सुवर्णनाणी चारली, शंभर लेखक बसवले आणि तीन दिवसांत सहाशे पाने उतरून घेतली, असे सांगतात. शंभर आणि सहाशे हे आकडे कथेचे असतील. पण त्या टिपणांच्या नकला हातोहात फिरू लागल्या, आणि १७८२ साली 'एत्स हाइम', म्हणजे 'जीवनवृक्ष', या नावाने ती विद्या छापून निघाली. गुरूला जाऊन दोनशे दहा वर्षे झाली होती.

व्हितालला मी दोष द्यायला धजत नाही. गुरूने 'तुझ्यासाठी आलो' म्हटले, ते त्याने शब्दशः घेतले. पण त्याला पाजलेले पाणी सगळ्या लोकांबरोबर चालणाऱ्या विहिरीचे होते, एवढे त्याला सुचले नाही याचे नवल वाटते. मलाही, पुस्तक मिटेपर्यंत, सुचले नव्हते. शिवाय एक उघड गोष्ट : सर वर्गात बोलत, आणि वर्गात आम्ही तेवीस जण होतो.

पेटी अजून दिवाणखान्यातच आहे. सौभाग्यवती दोनदा विचारून गेल्या. त्या मुलीने जाताना चिठ्ठीवर फोन नंबर लिहून दिला होता. चिठ्ठी कुठल्या पुस्तकात ठेवली, ते सकाळपासून शोधतो आहे.