जोंधळे, गव्हाणे आणि कोर्न : आडनावात दडलेले धान्य

१/ ‘जोंधळे’ हे आडनाव जोंधळ्यावरून आले, हे सांगण्यास इतिहासाची पदवी लागत नाही. मात्र ‘जोंधळा’ हा शब्द कोठून आला, असे विचारले की गोष्ट ताम्रपाषाणयुगापर्यंत मागे जाते.

२/ कोशकार जोंधळ्याचा संबंध संस्कृत ‘यवनाल’शी जोडतात. यव म्हणजे जव, नाल म्हणजे पोकळ देठ. ज्वारीचे मूळ आफ्रिकेतले. म्हणजे परक्या धान्याला येथील जुन्या धान्याच्या नावाने ओळख मिळाली.

३/ १९५०-५१ मध्ये नाशिक व जोर्वे येथे उत्खनन झाले. त्या जोर्वे संस्कृतीच्या इनामगावात जव हे प्रमुख धान्य होते. आज रामकुंडावर जव दिसतो तो श्राद्धातील जव-तिळापुरता. पीक मागे पडले. नाव जोंधळ्यात उरले.

४/ जर्मन ‘कोर्न’चा मूळ अर्थ दाणा, धान्य, लॅटिन ‘ग्रानुम’ त्याच्याच कुळातला. जेथे राय हे मुख्य अन्न, तेथे कोर्न म्हणजे राय. इंग्रजी ‘कॉर्न’ हा त्याचा सख्खा भाऊ : इंग्लंडात गहू, स्कॉटलंडात ओट, अमेरिकेत मका. ‘यव’चेही तसेच : संस्कृतात तो जव, पण त्याचा लिथुआनियन भाऊबंद ‘यावाइ’ म्हणजे सर्वच धान्य. थोडक्यात, शब्दाचा अर्थ ताटातले अन्न ठरवते.

५/ कोर्न हे आडनावही आहे. धान्य पिकवणाऱ्याला वा विकणाऱ्याला ते पडत असे. आपल्याकडे तांदळे, कणसे आहेत. पण सावधान! गव्हाणे म्हणजे ‘गहूवाले’ नव्हेत. गव्हाण म्हणजे गुरांना वैरण घालण्याची जागा. शिवाय त्या नावाची गावेही आहेत. साळ म्हणजे भात, पण साळी म्हणजे विणकर.

६/ म्हणून माझे स्पष्ट मत : उच्चारसाम्य हा पुरावा नव्हे. आडनावावरून कुणाची जात, कुळ किंवा ‘मूळ’ ठरवणारे संदेश इतिहास नसतात. अनेक आडनावे ब्रिटिश काळात शाळा, न्यायालये व महसुली दप्तरांतून कायम झाली. जोंधळे हे नाव एका घराला पिकावरून, दुसऱ्याला व्यापारावरून, तिसऱ्याला थट्टेतून पडले असू शकते. शब्दाचे मूळ सापडले म्हणजे घराण्याचे मूळ सापडले असे नाही.

७/ तर्क लढवण्याआधी घरातले जुने सातबारा, खरेदीखते वाचा. आजीला धान्यांची नावे विचारा. सुरगाणा-पेठकडे नाचणीला आजही ‘नागली’ म्हणतात. असे शब्द गावाच्या नावासह आजच लिहून ठेवा. उद्याच्या अभ्यासकाचा पुरावा तोच असेल.