अठरावा वाढदिवस



परवा चौथीच्या वर्गात मी सहज विचारलं, "अठरा वर्षं पूर्ण झाली की काय काय करता येतं, सांगा पाहू!" भराभर हात वर आले. "गाडीचं लायसन्स!" "मतदान!" "बाबा म्हणालेत, तेव्हाच मोबाइल." एकाने तर "मग मला कुणी रागवू शकणार नाही," असंही ठणकावून सांगितलं. (बाळा, मी पस्तिशीला आले, तरी माझी आई मला रागावते.) तेवढ्यात तिसऱ्या बाकावरची एक मुलगी हात वर न करताच म्हणाली, "बाई, आमच्या ताईला अठरा पूर्ण झाली की जावं लागणार."

"का गं, लग्न ठरलंय का तिचं?"

"नाही. नियम आहे."

वर्ग एकदम गप्प झाला. आणि खरं सांगते, मीही.

ही मुलगी एका बालगृहातून शाळेत येते. तिचं नाव मी सांगणार नाही, ते तिचं आहे. बालगृहात राहणारी सगळीच मुलं अनाथ असतात असं आपल्याला वाटतं, पण तसं नाही, बरं का! कुणाची आई असते पण ती फार आजारी असते. कुणाचे वडील असतात, पण कामासाठी गावोगाव फिरतात. काही मुलं दुसऱ्या कुटुंबातही वाढतात. दत्तक म्हणजे मूल कायमचं त्या घरचं होतं, हे तुम्हाला ठाऊक आहे. प्रतिपालक कुटुंब मात्र काही काळापुरतं मुलाला सांभाळतं. आपल्या राज्यात नातेवाइकांकडे किंवा दुसऱ्या कुटुंबात वाढणाऱ्या मुलांसाठी बालसंगोपन योजना आहे. २०२३ साली तिला क्रांतीज्योती सावित्रीबाई फुले यांचं नाव दिलं, आणि महिन्याची मदत २,२५० रुपये झाली.

आता त्या नियमाकडे वळू. बालगृह हे 'बालकां'साठी असतं, आणि कायद्याने बालक म्हणजे अठरा वर्षांच्या आतला. म्हणून अठरा पूर्ण झाली की तिथला मुक्काम संपतो. पुढची सोय कायद्यात आहे. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात एकविसाव्या वर्षापर्यंत मदत देता येते, काहींना तेविसाव्यापर्यंतही. अशा मुलामुलींच्या राहण्याच्या जागेला अनुरक्षणगृह म्हणतात. पण अशा जागा थोड्या, आणि आपल्यासाठी ही सोय आहे हेच कित्येक मुलांना माहीत नसतं. तुमचा अठरावा वाढदिवस आला की घरात केक येईल. त्यांचा जवळ येतो तसतशी त्यांची झोप उडते.

अशाच एका मुलीची गोष्ट सांगते. खरी गोष्ट आहे, आणि तिचा मोठा भाग आपल्या पुण्यातच घडला. अमृता करवंदे तिचं नाव. अगदी लहान असताना ती गोव्याच्या एका अनाथालयात आली आणि तिथेच वाढली. अठरा वर्षं झाल्यावर तिला ते घर सोडावं लागलं. ती पुण्याला आली. इथे ओळखीचं कुणी नाही, म्हणून पहिली रात्र तिने पुणे स्टेशनवर काढली. तुम्ही मामाच्या गावाला जाताना ज्या फलाटावर उभे राहता ना, तिथेच कुठेतरी. मग मिळेल ते काम, आणि काम सांभाळून कॉलेज. बी.ए. झाली आणि सरकारी अधिकारी होण्यासाठी लोकसेवा आयोगाच्या परीक्षेला बसली.

२०१७ साली ती परीक्षेत अडली. अभ्यास कमी पडला म्हणून नव्हे, एक कागद नव्हता म्हणून! त्या वेळी खुल्या गटातल्या महिलांच्या राखीव जागांसाठी नॉन-क्रीमीलेअर दाखला लागत असे. आपल्या घरचं उत्पन्न ठरावीक रकमेपेक्षा जास्त नाही, असं सांगणारा हा दाखला. तो काढायला आईवडिलांच्या उत्पन्नाचे कागद हवेत. आता जिला आईवडीलच ठाऊक नाहीत, तिने ते आणायचे कुठून? गंमत पाहा, म्हणजे गंमत कसली, दुःखच ते! जिच्याकडे खरोखर काहीच नाही, तिलाच आपल्याकडे काही नाही हे सिद्ध करता येईना.

कुणी म्हटलं असतं, नशीब माझं, आणि घरी बसलं असतं. अमृताला बसायला घरही नव्हतं. तिने एकेक दार ठोठावलं आणि ऑक्टोबर २०१७ मध्ये ती थेट मुख्यमंत्र्यांना, देवेंद्र फडणवीसांना, भेटली. एकट्या स्वतःसाठी नोकरी मागायला नव्हे. माझ्यासारख्या सगळ्यांचं काय, असा तिचा प्रश्न होता. जानेवारी २०१८ मध्ये मंत्रिमंडळाने निर्णय घेतला: शिक्षणात आणि सरकारी नोकऱ्यांत अनाथ मुलांसाठी एक टक्का जागा राखीव. एक विशीतली मुलगी, पाठीशी ना आमदार काका ना पुढारी मामा!

पण थांबा, इथेच 'आणि सगळे सुखी झाले' म्हणायचं नाही. नव्या नियमातही काटे होतेच. सुरुवातीला कागदपत्रांवर कुठे जातीचा उल्लेख असेल तर अनाथ प्रमाणपत्र मिळत नसे. म्हणजे भरतीच्या वेळी कुणीतरी सहज एक शब्द लिहिला की मूल बाहेर. नातेवाइकांकडे वाढलेल्या मुलांचंही अडत होतं. पुन्हा अर्ज झाले, पुन्हा मागण्या झाल्या. २०२१ आणि २०२३ साली शासनाने नियमांत बदल केले, आणि संस्थेबाहेर वाढलेल्यांचाही विचार झाला. एखाद्या नियमातला खडा कुठे टोचतो, हे तो बूट घालणाऱ्यालाच कळतं, नाही का?

बाहेरच्या देशांतही हे असंच घडत आलं आहे. तिकडची बरीच मुलं प्रतिपालक कुटुंबांत राहतात, पण दुखणं सारखंच. १९७० च्या दशकात इंग्लंडमध्ये लीड्स शहरातल्या अशा मुलामुलींनी आपला एक गट केला. १९७५ साली लंडनला साऱ्या देशातून शंभरेक मुलं एकत्र जमली आणि बोलू लागली. त्यांची एक तक्रार फार साधी होती. कपडे घ्यायला त्यांना रोख पैसे न देता चिठ्ठी मिळे, ठरावीक दुकानांतच चालणारी. काउंटरवर ती चिठ्ठी काढली की रांगेतल्या सगळ्यांना कळे, ही 'तसली' मुलं. आम्हालाही इतरांसारखं पैसे मोजून शर्ट घेऊ द्या, एवढंच त्यांचं म्हणणं. त्यांच्या बोलण्याचं पुस्तक १९७७ साली निघालं, आणि १९७९ साली त्यांची देशभराची संघटना उभी राहिली. संघटना चालवणारी तरुण मुलं सगळी या व्यवस्थेत वाढलेली.

अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये १९८८ साली असाच गट निघाला. तिथलं एक गाऱ्हाणं तुम्हाला लगेच पटेल. मैत्रिणीकडे रात्री मुक्कामाला जायचं, तर प्रतिपालक कुटुंबातल्या मुलीसाठी आधी त्या मैत्रिणीच्या आईबाबांची सरकारी चौकशी व्हायची! कोण बोलावणार मग? अनेक राज्यांतल्या तरुणांनी हा मुद्दा लावून धरला. २०१४ साली तिथे देशाचाच कायदा झाला की, शहाणे आईबाबा जसा विचार करून 'जा' किंवा 'नको' म्हणतात, तसंच सांभाळणाऱ्यांनाही ठरवू द्यावं.

लीड्सच्या त्या चिठ्ठीबद्दल वाचलं तेव्हा मला एक निळं दप्तर आठवलं. आणि माझी एक चूकही.

चूक आधी सांगते. दोन वर्षांपूर्वी मी मुलांना 'माझे कुटुंब' हा निबंध दिला होता, सोबत फोटो चिकटवायचा. दुसऱ्या दिवशी बालगृहातल्या एका मुलीला मी भर वर्गात विचारलं, "फोटो कुठे आहे?" डी.एड.ला मानसशास्त्राचा पेपर लिहून आलेली मी! ती काही बोलली नाही. वहीत मात्र लिहिलं होतं: आमच्या घरात अडतीस मुली आहेत. रात्री पाऊस आला की मोठ्या ताया लहानांची अंथरुणं खिडकीपासून सरकवतात. मला तो निबंध तपासताना लाल पेन उचलवेना. आता मी 'माझ्या घरातली माणसं' असा विषय देते, आणि फोटोऐवजी चित्र काढायला सांगते. मांजराचंही चालतं.

आता दप्तर. त्या घरातल्या सगळ्या मुलींची दप्तरं सारखी, निळी, आणि वर मोठ्या पांढऱ्या अक्षरांत देणाऱ्याचं नाव. देणाऱ्याने प्रेमानेच दिली होती. पण फाटकातून सात निळी दप्तरं एका ओळीत आली की साऱ्या शाळेला कळायचं, कोण कुठून आलं ते.

बालगृहांसाठी २०१६ साली जे नियम झाले, त्यांत एक फार चांगली गोष्ट आहे. प्रत्येक बालगृहात मुलांच्या समित्या हव्यात: सहा ते दहा, अकरा ते पंधरा आणि सोळा ते अठरा अशा वयोगटांच्या. समितीत फक्त मुलंच. दर महिन्याला बैठक व्हायची. रोजचं वेळापत्रक काय असावं, जेवणात काय असावं, कुणी त्रास देतंय का, हे सगळं बोलायचा त्यांना हक्क आहे. शिवाय सूचनापेटी. ती कार्यालयापासून लांब आणि मुलांच्या खोल्यांजवळ लावायची, आणि दर आठवड्याला समितीतल्या मुलांसमोरच उघडायची. ज्याने लिहिला त्याने तो नियम विचार करून लिहिलाय, हे पेटीच्या जागेवरूनच दिसतं. साहेबांच्या दारासमोर तक्रार टाकायला कोण धजेल?

तर, तिसऱ्या बाकावरच्या आपल्या मुलीने त्या पेटीत चिठ्ठी टाकली. "दप्तरावरचं नाव काढता येईल का?" बैठकीत मोठ्या तायांनी विषय उचलला. कुणी म्हणालं, फुकट मिळतंय तर कशाला कुरकुर! अधीक्षक मॅडमनी मात्र ऐकून घेतलं आणि देणाऱ्यांना कळवलं.

इथे आईबाबांशी दोन शब्द. तुम्ही मुलांचा वाढदिवस बालगृहात करता, हेतू चांगलाच असतो. पण जायच्या आधी एकदा तिथल्या मुलांना काय हवंय ते विचारा. रविवारी सकाळी तीन घरचे वाढदिवस आले की तीनदा टाळ्या वाजवाव्या लागतात आणि तीनदा केक खावा लागतो, असं मला एका मुलीने हिशेब करून सांगितलंय. मला विचाराल तर, वर्षभर दर शनिवारी तासभर इंग्रजी शिकवायला गेलात, तर ती भेट जास्त उपयोगाची. आणि सोळा-सतरा वर्षांच्या मुलामुलींना बँकेचं खातं कसं वापरायचं, भाड्याची खोली घेताना काय विचारायचं, हे कुणीतरी सांगायला हवं असतं. आपल्या मुलांना ते आपलं पाहूनच येतं.

ताईची चौकशी मी केली. तिला सप्टेंबरमध्ये अठरा पूर्ण होतील. बालकल्याण समितीकडे तिचा अनुरक्षणासाठी अर्ज गेला आहे. अर्ज तिने स्वतः लिहिला, मी फक्त शुद्धलेखन तपासलं. दोन वेलांट्या चुकल्या होत्या, बाकी झकास.

आणि दप्तरं? या जूनमध्ये नवी आली. लाल, हिरवी आणि जांभळी. देणाऱ्याचं नाव आता आतल्या कप्प्यात आहे. आपल्या मुलीला जांभळं हवं होतं, मिळालं हिरवं. पुढच्या बैठकीत हा विषय घेणार, असं तिने मला बजावून सांगितलंय.

तुमच्या,
बाई